ठेच्याला पुरून उरेल अशी वाइन

द्राक्षतोडणी उरकली की आमच्या वाइनरीत शेतकऱ्यांचं जेवण असतं. दिंडोरी-निफाडकडची ज्यांची द्राक्षं आमच्याकडे येतात ती मंडळी घरच्यांसकट येतात, हिशेबाच्या गोष्टी होतात, मग पंगत बसते. एरवी या जेवणात वाइन नावापुरतीच. आल्याआल्या स्पार्कलिंगचा, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनचा, एकेक ग्लास, फोटो, टाळ्या. आणि पानावर बसलं की पाण्याचे जग. एका वर्षी मालकांच्या मनात आलं, की पिकवणाऱ्यांना जेवणाबरोबर वाइन वाढायची, आणि जेवण मात्र त्यांच्या घरी असतं तसंच करायचं. टेस्टिंग रूम मी सांभाळते. त्यामुळे कशाबरोबर काय ओतायचं, हे माझ्या गळ्यात पडलं.

जेवणाचा बेत स्वयंपाकघरातल्या मावशींनी सांगितला: काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, सुक्या बोंबलाची चटणी, माळकऱ्यांसाठी भरलं वांगं, दही, कांदा, लिंबू आणि शेवटी पुरणाचे मांडे. वाइनला नको असलेलं जे जे काही असतं, ते एका ताटात इतकं नीट मांडलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. तिखट, खारवलेली मासळी, आंबट आणि वर गूळ.

आमच्या धंद्यातलं सगळं शिक्षण फ्रेंच जेवणाच्या हिशेबाने चालतं. आधी सूप, मग मासा, मग मांस, मग गोड. एक पदार्थ संपला की ग्लास बदलायचा. आपल्या ताटात असलं काही नसतं. भाकरीचा एक तुकडा रश्श्यात, दुसरा ठेच्याला, मध्येच दह्याचं बोट, कांद्याची फोड. कुठल्या घासानंतर ग्लास उचलला जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून मी अशा वेळी पदार्थागणिक जोडी लावायच्या भानगडीत पडत नाही. ताटातलं सगळ्यात दांडगं काय ते बघायचं आणि त्याच्यासमोर जी वाइन टिकेल ती ताटभर चालवायची. इथे दांडगा कोण, याबद्दल वादच नव्हता.

आदल्या दिवशी दुपारी मावशींनी ठेचा केला. लोखंडी तव्यावर तेल, त्यात मिरच्या आणि लसूण डाग पडेपर्यंत परतलेले, मग शेंगदाणे, जाडं मीठ, आणि तवा खाली उतरवून पितळी तांब्याच्या बुडाने जागच्या जागी रगडलेला. खमंग ठसक्याने आमचा वाइनमेकर खोकत बाहेर पळाला. तो परत आल्यावर आम्ही तीन बाटल्या उघडल्या. ओक बॅरलमध्ये ठेवलेली शिराझ, ही रेड, अल्कोहोल १४ टक्के. अगदी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, सोव्हिन्यों ब्लाँ. आणि किंचित गोडसर शेनिन ब्लाँ. या दोन्ही व्हाइट.

शिराझचं काय होणार ते मला ठाऊक होतं, पण ते मालकांना त्यांच्याच जिभेने कळायला हवं होतं. मटणाला महागातली रेड, हा त्यांचा आग्रह. आणि तसा तो जगाचाच आहे. त्यांनी ठेच्याबरोबर भाकरीचा घास घेतला, वर शिराझचा मोठा घोट घेतला, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी काही बोलले नाहीत. मग दह्याची वाटी ओढली.

यामागचं कारण मोठं गमतीचं आहे. मिरचीचा तिखटपणा ही चव नाहीच, ती भाजल्याची जाणीव आहे. मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीमुळे (रिसेप्टरमुळे) आपल्याला चटका कळतो, तोच मिरचीतल्या कॅप्सेसिनने जागा होतो. हा ग्राही शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. एरवी तो साधारण ४२ अंशांच्या पुढे पेटतो. २००२ साली इटालियन संशोधकांनी दाखवून दिलं, की अल्कोहोल असलं तर हीच मर्यादा ३४ च्या आसपास येते. म्हणजे आपल्या अंगाची ऊबसुद्धा त्याला आग वाटायला लागते. त्यात रेड वाइनमधलं टॅनिन, म्हणजे तिचा तुरट अंश, जीभ कोरडी करतं, आणि सोललेल्या जागेवर ते जास्तच झोंबतं. फळाचा वास, बॅरलचा गंध, ज्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं ते सगळं गायब. उरतो जाळ. दह्याने मात्र उतार पडतो, कारण दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून घेऊन जातं. पाण्याने जाळ जात नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळतच नाही.

सोव्हिन्यों थंडगार होती म्हणून बरी लागली, पण तिच्यातला आंबटपणा ठेच्यापुढे बोचरा वाटला. शेनिनने मात्र निभावलं. लिटरला दहा-बारा ग्रॅम साखर, ती ठेच्याची धार बोथट करते. अल्कोहोल कमी, टॅनिन जवळपास नाहीच, आणि आठ अंशांपर्यंत थंड केली की घोट नुसता गेला तरी बरं वाटतं. शिवाय ठेच्यातल्या मिठामुळे ती आणखी गोल लागायला लागली. मालक म्हणाले, “पण मटणाला व्हाइट? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “साहेब, शिराझही ठेवू. पण दुसऱ्या ग्लासात, आणि बर्फाच्या बादलीतून काढून.”

या बर्फाच्या बादलीवरून आमच्याकडे दरवर्षी चर्चा होते. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी, असं कुठेतरी वाचून आलेले लोक बाटली उन्हात तापलेल्या टेबलावर उघडी ठेवतात. ते रूम टेंपरेचर युरोपातल्या दगडी घरातलं, सतरा-अठरा अंशांचं. नाशकात मार्च अखेरीला पारा पस्तिशीच्या पुढे असतो. इतकी तापलेली शिराझ म्हणजे नुसता दारूचा भपका.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली ती अकरालाच. यातले बरेच जण २००१ चं राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आल्यावर टेबल ग्रेप्सकडून, म्हणजे खायच्या द्राक्षांकडून, वाइनच्या वाणांकडे वळलेले. २००८-०९ नंतरच्या मंदीत भाव कोसळले तेव्हा ज्यांनी बागा उपटल्या नाहीत, ते हे. खरड छाटणी, गोडी छाटणी, घडातलं पाणी, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), यावर ते तासभर बोलतील. ती साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर खिशात घालून फिरतात. पण त्या द्राक्षाची वाइन बोंबलाबरोबर कशी लागते, हा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारलाच नव्हता. काही जण माळकरी. त्यांच्यासाठी आणि बहुतेक बायकांसाठी द्राक्षाचा ताजा रस वेगळा काढून ठेवला होता, आंबवायच्या आधीचा. त्यांच्या पंगतीत वांगं आणि रस असं छान चाललं होतं, आणि एका आजीबाईंनी मला बोलावून रसात लिंबू पिळायला लावलं, “नुसता गुळमाट लागतो, बाई.” खरं होतं त्यांचं.

पानं वाढली. शेनिन फिरली. सुरुवातीला सगळे जपून, मग ठेच्याचा पहिला घास झाला आणि ग्लास भराभर रिकामे व्हायला लागले. एक दादा म्हणाले, “ताई, हे बरं आहे. आग बी लागती आन् विझती बी.” मी बिलकूल काही समजावलं नाही. जेवणाऱ्याला मध्येच शिकवायला गेलं की तो घास आणि घोट दोन्ही विसरतो.

गडबड झाली ती बोंबलावर. माझ्या अंदाजाने चटणी बाजूला राहणार होती, पण निफाडचे एक अण्णा बोंबलाचे दर्दी निघाले. त्यांनी शेनिन संपवून शिराझचा ग्लास मागून घेतला होता. बोंबलाचा घास, वर शिराझ, आणि चेहरा एकदम वाकडा. “ताई, बाटली नासलीये तुमची. तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं होतंय.” शेजारच्यांनी लगेच आपापले ग्लास हुंगायला घेतले. मालक टेबलाच्या त्या टोकाकडून माझ्याकडे बघत होते.

मी अण्णांसमोर त्याच बाटलीतला दुसरा ग्लास ओतला, भाकरीचा कोरडा तुकडा खाऊन मग प्या म्हटलं. प्याले. “आता चांगली लागती की.” मग पुन्हा बोंबील, पुन्हा घोट, पुन्हा तोच खिळा. आता मात्र सगळं टेबल हाच प्रयोग करायला लागलं. खिळा हा शब्द त्यांनी उगाच काढला नव्हता, दोष खरोखर लोहाकडेच जातो. २००९ साली जपानी संशोधकांनी वाळवलेले स्कॅलप शिंपले वेगवेगळ्या वाइनमध्ये भिजवून पाहिले. ज्या वाइनमध्ये लोह लिटरला दोन मिलिग्रॅमच्या वर, तिथे मासळीचा उग्र, हिवसट वास उसळला. रेड वाइनमध्ये लोह बऱ्याचदा जास्त असतं, पण ‘माशाला व्हाइट’ या जुन्या नियमाचं कारण रंगात नाही. सुक्या मासळीत तेलं हवेने आधीच बदललेली असतात, म्हणून ती ताज्या पापलेटापेक्षा जास्त बंड करते. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “मग हे लोह येतं कुठनं? आमच्या मातीतनं?” थोडं मातीतून, थोडं घडांबरोबर येणाऱ्या धुळीतून, थोडं यंत्रांतून, मी म्हटलं. त्यावर तोडणीच्या क्रेट धुण्याबद्दल टेबलावरच्या दोघांत असा वाद जुंपला की बोंबील बाजूलाच राहिला. चटणीवाल्यांचे शिराझचे ग्लास आम्ही उचलून नेले आणि तिथे शेनिनच ठेवली.

मटणाचा रस्सा जरा वेगळा निघाला. काळ्या मसाल्यात भाजलेलं खोबरं, कांदा, तीळ, दगडफूल. धुरकट, तेलकट, आणि तिखट असला तरी ठेच्यासारखा अंगावर येणारा नाही. थंड केलेली शिराझ त्याला धरून होती, पण जरा कडवट वाटत होती. हाडं उकळून काढलेल्या रश्श्यात जो मांसल गुण असतो, त्याने वाइन नेहमीच कडक लागते. मी हे मनात घोळवत वाढत होते, तेवढ्यात दिंडोरीच्या एका काकांनी सवयीने रश्श्यात अर्धं लिंबू पिळलं, मिठाची चिमूट टाकली, भुरका मारला आणि शिराझ प्यायले. “ही दुसरी बाटली उघडली काय?” नव्हती उघडली. आंबट आणि खारट जेवणात असलं की वाइन मऊ लागते. गोड आणि मांसरस असला की ती टणक होते. अनेक वर्षं पाहुण्यांना हे सांगते, पण काकांनी जे लिंबू पिळलं ते पाहून बाकीच्यांनी जे काही पिळलं, तसा पुरावा माझ्या कुठल्याही भाषणाने दिला नसता. स्वयंपाकघरातून लिंबांची दुसरी टोपली आणावी लागली.

राहता राहिले मांडे. दुधात कुस्करलेले, वर तूप. मालकांनी या घटकेसाठी लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, शेनिन राखून ठेवली होती, ती आमची सगळ्यात गोड वाइन, छोट्या बाटल्यांतली. गोडाबरोबर वाइन द्यायची तर ती पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर आंबट आणि पाणचट लागते. गूळ आणि पुरणापेक्षा गोड वाइन मी तरी नाशकात पाहिली नाही. माझं ठाम मत आहे, की पुरणाबरोबर वाइन नकोच. तूप पुरे. त्या दिवशी मी मांडे वाढू दिले, सगळ्यांना हात धुऊ दिले, आणि अर्ध्या तासाने ओट्यावर सतरंज्या टाकून ती लेट हार्वेस्ट भाजक्या खाऱ्या शेंगदाण्यांबरोबर आणली. दाणे नुसते खारे, वाइन मधासारखी. ज्यांनी दुपारभर “आम्ही घेत नाही” म्हणत रस प्यायला होता त्यातल्या दोघी काकू त्या बाटलीवर मात्र थांबल्या, घोटभर घेतला, आणि घरी न्यायला मिळेल का विचारलं. तोवर पुरुषांच्या गप्पा पुढच्या वर्षीच्या दराकडे वळल्या होत्या आणि मालकांच्या चेहऱ्यावर बोंबलाच्या वेळचे भाव पुन्हा दिसायला लागले होते.

संध्याकाळी बाटल्या मोजल्या. शेनिनच्या पेट्या रिकाम्या, शिराझ बऱ्यापैकी उरलेली, स्पार्कलिंगला कोणी फारसं विचारलंच नाही. बुडबुडे ठेच्यावर अजून टोचतात, त्यामुळे मलाही ती पुढे करायची नव्हतीच. त्यानंतर टेस्टिंग रूमच्या चीजच्या ताटलीत मी दोन गोष्टी वाढवल्या: शेनिनसाठी चमचाभर ठेचा आणि शिराझसाठी मीठ लावलेली लिंबाची फोड. मुंबईहून आलेले पाहुणे हमखास विचारतात, लिंबू कशाला, टकिला आहे का? मी म्हणते, आधी एक घोट घ्या, मग फोड चाटा, मग पुन्हा एक घोट घ्या.