विहीर ते टाकी: लेव्हल रिलेची पावसाळी जुळणी

रत्नागिरीजवळ खाडीलगतची वाडी, जांभ्यातली विहीर, १ एचपी सिंगल फेज मोटर, वर १००० लिटरची टाकी. पाण्यात बुडलेल्या दांड्यांमधून (इलेक्ट्रोड) जाणाऱ्या करंटवरून पातळी ओळखणारे लेव्हल रिले, टाकीचा आणि विहिरीचा असे दोन्ही बसले: टाकी भरली की पहिला, विहीर आटली की दुसरा मोटर थांबवतो. दोघांचे कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा जड करंट जोडणारा-तोडणारा स्विच) कॉइलला जातात. मोटर थेट रिलेवर घेऊ नका. सुरुवातीच्या करंटने कॉन्टॅक्ट चिकटतात.

टाकीत वरचा इलेक्ट्रोड काठापासून १५ सेंमी खाली, दुसरा त्याखाली ६० सेंमी, कॉमन (दोघांचा सामाईक इलेक्ट्रोड) आणखी ५ सेंमी लांब. विहिरीत खालचा फूटव्हॉल्वच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाचा व्हॉल्व) ५० सेंमी वर आणि वरचा त्याहून दीड मीटर वर. या अंतरात काटकसर नको. एप्रिल-मेमध्ये झरे मंदावतात, अंतर कमी असेल तर मोटर सारखी चालू-बंद होते. दांड्या ३१६ स्टीलच्याच घ्या, खाऱ्या पाण्यात ३०४ ला खड्डे पडतात.

खरी मेख सेन्सिटिव्हिटीत आहे, म्हणजे किती कमी करंटला रिले जागा होतो त्यात; ती नॉबने लावतात. पावसाळ्यात जांभ्याच्या विहिरीत क्षार अगदी कमी, म्हणजे पाण्याचा रेझिस्टन्स जास्त. उन्हाळ्यात खाडीचा खारेपणा मुरलेल्या पाण्यावर लावलेला नॉब जुलैत अपुरा पडतो: टाकी भरते, रिले ओढत नाही (काम करत नाही), पाणी वाहत राहतं. नॉब टोकाला नेला तर दांड्या धरणाऱ्या ओल्या होल्डरवरच्या खारट थरातून करंट जातो आणि रिकामी टाकी भरलेली वाटते. म्हणून जुळणी भर पावसातच करावी.

बादलीत विहिरीचं ताजं पाणी घ्या. चाचणीपुरती वरच्या इलेक्ट्रोडची तारही खालच्या दांडीला जोडा, केबल मात्र कायमची, पूर्ण लांबीचीच हवी. कॉमन आणि खालची दांडी बुडवून नॉब हळूहळू वाढवा. रिले ओढेल तिथे खूण करा, त्यापुढे थोडंच जा. दांड्या बाहेर काढून होल्डर भिजवा; रिले सुटायलाच हवा. सुटला नाही तर नॉबला हात न लावता आधी होल्डर गोड्या पाण्याने धुवा. मल्टीमीटरने पाण्याचा रेझिस्टन्स मोजण्यात अर्थ नाही: तो डीसी देतो, आकडा सरकत राहतो. रिले इलेक्ट्रोडला एसी देतो तो याच कारणाने, शिवाय डीसीने दांड्या झिजतात.

विहिरीची तार तुटली तर मोटर बंद पडते, ते बरंच. टाकीची तुटली तर रिलेला टाकी रिकामी दिसते आणि मोटर थांबत नाही. त्यासाठी वरच्या इलेक्ट्रोडच्या ५ सेंमी वर फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच), कॉइलच्या सिरीजमध्ये. तो अजून बसवायचा आहे. लाइट येते-जाते तेव्हासाठी ३ मिनिटांचा ऑन-डिले टायमरही (मोटर उशिराने चालू करणारा) बाकी आहे.