पॅकेजचं वऱ्हाड

लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं असतं, म्हणून पानांचा अंदाज तरी बांधता येतो. संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या 'आर' या संगणकभाषेतलं 'एसएफ' हे नकाशांचं पॅकेज (वरून जोडायचा तयार कोडचा संच) असलं काही कळवत नाही. कपाशीच्या प्लॉटांचा नकाशा काढायचा म्हणून तालुक्याच्या कृषी महाविद्यालयातला पोरगा त्या एकट्याला बोलावतो आणि दारात त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजांचं अख्खं वऱ्हाड उतरतं: आरसीपीपी, युनिट्स, डीबीआय, क्लासइंट, एस२, आणि त्या प्रत्येकाची आपापली माणसं.

विंडोजवर त्यांची सरबराई सोपी. तिथं 'क्रॅन' (आरच्या पॅकेजांचं कोठार) दळलेलं पीठ, म्हणजे चालवायला तयार पॅकेज, पाठवतं, झिप उलगडली की झालं. फक्त आर ४.३ साठी बांधलेली झिप ४.४ ला देऊ नये. लॅबमध्ये जुनं ३२-बिट विंडोज असेल, तर ४.१.३ वरच थांबावं. २०२२ च्या ४.२ पासून त्याची सोबत सुटली. मॅकला इंटेलचं पीठ वेगळं, ॲपल सिलिकॉनचं वेगळं. पण आपल्याकडे मॅक असतात किती!

उबंटू या लिनक्सवर मात्र ज्वारीचं पोतंच, म्हणजे कच्चा सोर्स कोड, येऊन पडतं. दळायचं आपण. जातं म्हणजे कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारा), तो हवाच. शिवाय नकाशे आणि मोजमापाची एककं हाताळणाऱ्या जीडॅल, जिऑस, प्रोज आणि युडीयुनिट्स यांची नावं 'डेव्ह' शेपटासकट ॲप्टला (उबंटूवर प्रोग्रॅम बसवून देणाऱ्याला) आधी सांगायची. हे शेपूट फार छळतं. नुसतं जीडॅल चालवायला पुरतं, पण त्यावर दुसरं काही बांधायला हेडर फाइली (आत काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या) लागतात, आणि त्या 'लिबजीडॅल-डेव्ह'मध्ये. ते नसलं की 'जीडॅल-कॉन्फिग नॉट फाउंड'. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर मधेच 'किल्ड' दिसलं, तर बहुधा मेमरी संपलेली असते, स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवावी. एवढा खटाटोप नको असेल, तर ॲप्टमधलं 'आर-क्रॅन-एसएफ' घ्यावं. पीठ जरा शिळं (उबंटू २२.०४ मधलं आरच ४.१.२ आहे), पण भाकरी होते.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वेगळीच गंमत. आर एका फाइलची वाट ६० सेकंदच पाहतं. शेतात जाऊन रेंज शोधण्यापेक्षा आरच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'टाइमआउट' ६०० करावा. आणि दळण चालू असताना लाईट गेली, तर पुन्हा सुरू केल्यावर 'फेल्ड टू लॉक डिरेक्टरी' येतं. पॅकेजांच्या फोल्डरात '००लॉक'ने सुरू होणारं एक फोल्डर मागे राहिलेलं असतं. ते पुसलं की दार उघडतं.

शेवटी 'लायब्ररी' या आज्ञेनं एसएफला हाक मारावी. जिऑस, जीडॅल, प्रोज या तिघांचे आवृत्ती-क्रमांक एका ओळीत आले की मंडळी पंगतीला बसली. मग शेताची शेपफाइल (नकाशाच्या जोडफाइलींचा संच) उघडायची. पेनड्राइव्हवर एकटी एसएचपी आणली असेल, तर मात्र परत जावं लागेल. एसएचएक्स आणि डीबीएफ या तिच्या जोडीदार फाइली अजून तिकडंच आहेत.