प्लेटलेट्स २२,०००

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेआधीची नेहमीची तपासणी होती. हिमोग्लोबिन ठीक, पांढऱ्या पेशी ठीक, रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट्स मात्र २२,०००. निरोगी माणसात त्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. वॉर्डातून निवासी डॉक्टरांचा फोन आलाच: शस्त्रक्रिया पुढे ढकलायची का? रक्तपेढीला प्लेटलेट्स सांगून ठेवू का?

बायोमेडिकल सायन्सच्या शेवटच्या वर्षाला प्रशिक्षणासाठी मी त्या प्रयोगशाळेत होते. मॅडमनी फोनवर उलटाच प्रश्न केला, “पेशंटच्या अंगावर लाल ठिपके आहेत? हिरड्यांतून रक्त येतंय?” दोन्हीला उत्तर ‘नाही’. “मग जरा थांबा, डॉक्टर. हा आकडा मी अजून पक्का केलेला नाही.” फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. “अगं, स्मिअर कर.”

काचेच्या स्लाइडवर रक्ताचा पातळ थर पसरून स्मिअर केला, पेशी दिसाव्यात म्हणून त्याला लीशमन स्टेन हा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी सवयीने मधला पातळ भाग बघायला लागले. तिथे प्लेटलेट्स खरोखरच तुरळक होत्या. “शेपटीकडे जा,” मॅडम म्हणाल्या. स्लाइडच्या टोकाला, जिथे रक्ताचा थर संपतो, तिथे द्राक्षाच्या घोसांसारख्या गुठळ्याच गुठळ्या. प्लेटलेट्स होत्या, भरपूर होत्या, पण एकमेकींना चिकटून बसलेल्या.

वॉलेस कोल्टर या अमेरिकन अभियंत्यांना १९५३ साली पेटंट मिळालेल्या तत्त्वावर पेशी मोजणारी बरीच यंत्रं आजही चालतात. बारीक छिद्रातून पेशी गेली की विद्युतरोध क्षणभर वाढतो. तो किती वाढला यावरून पेशीचा आकार कळतो, आणि प्लेटलेट्स ओळखायच्या त्या लहान आकारावरूनच. शंभर प्लेटलेट्सची गुठळी यंत्राला प्लेटलेट वाटतच नाही. कधी ती मोजणीतून गळते, कधी पांढऱ्या पेशींत जमा होते. गुठळी होते ती मात्र नळीत, पेशंटच्या अंगात नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए हे रसायन रक्त गोठू नये म्हणून कॅल्शियम बांधून ठेवतं. काही जणांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात, जी नेमकी याच स्थितीत प्लेटलेट्सना धरतात. हजारात एखाद्या नमुन्यात हे दिसतं.

निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत नव्याने रक्त मागवलं आणि आल्या आल्या यंत्रावर लावलं. २,०५,०००. सायट्रेटच्या द्रावणामुळे रक्त थोडं पातळ होतं, म्हणून १.१ ने गुणायचं: २,२५,५००. सायट्रेटमध्येही कधीकधी गुठळ्या होतात, त्यामुळे याही नळीचा स्मिअर पाहिला. तो स्वच्छ निघाला. शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. रिपोर्टवर मॅडमनी खाली एक ओळ लिहिली, की या पेशंटची मोजणी यापुढे सायट्रेटमध्येच करावी. मला त्या दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच वाटलं. कारण अशा खोट्या आकड्यावर विसंबून स्टिरॉइड सुरू केल्याच्या, प्लीहासुद्धा काढल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

आमच्या वर्गात दोनच तट होते: मेडिकलला पुन्हा बसणारे आणि पीएचडीला जाणारे. मी दुसऱ्या तटात. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानात क्लिनिकल ट्रायल, एम्ब्रिऑलॉजी, बायोइन्फर्मॅटिक्स, मेडिकल रायटिंग अशी यादी पडद्यावर दाखवतात. अशा यादीने कुणाचं मन फिरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं फिरलं ते दुपारी. यंत्राच्या कंपनीचे ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट, म्हणजे यंत्राचा वापर समजावणारे तज्ज्ञ, आले होते. मी त्यांना सकाळची केस सांगितली आणि विचारलं, की यंत्राने ‘गुठळ्या असू शकतात’ असा इशारा कसा काय दिला नाही? ते खूष झाले! खुर्ची ओढून प्लेटलेट्सचा आलेख उघडला, त्याचं उजवं टोक कसं दातेरी झालंय ते दाखवलं. मग म्हणाले, “इशाऱ्याची मर्यादा कुणीतरी ठरवलेली असते. सैल ठेवली तर गुठळ्या सुटतात, कडक ठेवली तर रोज ढीगभर स्लाइड उगाच बघाव्या लागतात.” ती मर्यादा ठरवायला नमुने तपासणारे, आकडेवारी मांडणारे, नियामकांकडे कागदपत्रं नेणारे लोक लागतात. प्रयोगशाळेत आयएसओ १५१८९ हे वैद्यकीय प्रयोगशाळांच्या गुणवत्तेचं मानक सांभाळणारे वेगळे. त्यांतले कितीतरी आमच्याच पदवीचे. ते स्वतःही, आणि मॅडमसुद्धा! मॅडमना त्यांचं शिक्षण विचारायचं मला तोवर सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी मी गाइडना प्रोजेक्टचा विषय बदलून मागितला: यंत्राचा इशारा आणि प्रत्यक्ष स्मिअर किती जुळतात. सरांनी कपाळाला हात लावला, मग होकार दिला. अट एकच. आधी इशारा न आलेल्या स्लाइडही बघायच्या, आणि त्या कुणाच्या आहेत हे मला कळू द्यायचं नाही. पीएचडीचे अर्ज तूर्त बाजूला ठेवलेत. निदान-यंत्रांच्या चाचणीत कुठे कुठे उमेदवार घेतात, त्याची चौकशी चालू आहे.