वीस वर्षांनी उघडायचा डबा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी माझ्या माहेरच्या घरात शिरलं ते थेट माळ्याला टेकलं. चिपळूणच्या बाजारपेठेत ज्यांची घरं-दुकानं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. २००५ लाही आलं होतं, म्हणून बाबांनी महत्त्वाचं सगळं कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेलं, पण यावेळी तो कप्पाही पाण्याखाली गेला. रस्ता सुरू झाल्यावर मी ठाण्याहून पोचले तेव्हा आई मागच्या पडवीत बसून एकेक वस्तू धूत होती आणि काहीच बोलत नव्हती.

अल्बम सगळे गेले. ते चिकट पानांचे असतात ना, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले, तसले होते. पान उघडायला गेलं की फोटोचा रंगच पापुद्र्याला चिकटून यायचा आणि खाली नुसता पांढरा कागद. आईबाबांचं लग्न, माझं बारसं, दादाची मुंज, सगळं असंच निघून आलं. माझ्या कॉलेजच्या डायऱ्या जेल पेनने लिहिलेल्या, त्यांचं निळं पाणी झालं. आणि आजीची दुधाच्या हिशोबाची वही, जी कुणी मुद्दाम जपलीही नव्हती, आजी २०१४ ला गेली तरी स्वयंपाकघरात खिळ्याला दोऱ्याने तशीच लटकत राहिलेली, ती फुगली, वाकडी झाली, पण वाळवल्यावर तिच्यातलं अक्षरन् अक्षर वाचता आलं. आजी शिसपेन्सिलीने लिहायची.

त्या वहीत काय आहे? "९ ता. खाडा. म्हैस आटली." "१४ ता. १ ली. जादा, पाहुणे." "२२ ता. दूध नासलं, पैसे कापणे." एवढंच. पण मी ती वही घेऊन रात्रभर बसले होते. आजीचा "ळ" कसा खाली शेपूट लांबवायचा ते मी विसरले होते, ते परत दिसलं. आणि त्या १४ तारखेला पाहुणे कोण आले होते ते आता सांगायला कुणी नाही, याची चुटपुट लागून राहिली ती आजपर्यंत.

माझी लेक आता आठ वर्षांची आहे. तिच्यासाठी एक डबा भरून ठेवायचा, २०४५ च्या दिवाळीत उघडायचा, हे माझ्या मनात त्या रात्रीपासून होतं. टाइम कॅप्सूल म्हणतात त्याला. प्रत्यक्ष भरायला बसले यंदा गणपतीनंतर, आणि तेव्हा कळलं की काय ठेवायचं यापेक्षा काय ठेवायचं नाही हेच जास्त अवघड आहे.

आधी वाटलं होतं की अंगणात पुरूया, सिनेमात दाखवतात तसं. मग अमेरिकेतल्या टल्साची गोष्ट वाचली. तिथल्या लोकांनी १९५७ साली एक नवीकोरी प्लायमाउथ गाडी काँक्रीटच्या खड्ड्यात बंद करून पुरली होती, पन्नास वर्षांनी शहराची लोकसंख्या किती असेल याचा सगळ्यात जवळचा अंदाज जो सांगेल त्याला ती बक्षीस मिळणार होती. २००७ मध्ये उघडलं तर खड्ड्यात पाणी भरलेलं आणि गाडी गंजून नुसता सांगाडा. मला लगेच आमचं कपाट आठवलं. जमिनीखाली काही ठेवायचं नाही हे तिथंच ठरलं, कोकणातल्या जमिनीखाली तर नाहीच नाही, तिथे पावसाळ्यात विहिरीचं पाणी हाताला लागतं. आमचा ठाण्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, डबा तिथेच कपाटात राहणार.

आपल्याकडेही पुरलं होतं एकदा. १५ ऑगस्ट १९७३ ला इंदिरा गांधींनी लाल किल्ल्याच्या आवारात कालपात्र पुरलं, त्यात स्वातंत्र्यानंतरचा देशाचा इतिहास लिहून ठेवलेला. त्यावर वाद झाला की हा इतिहास कुणी ठरवला, आणि १९७७ मध्ये जनता सरकारने ते उकरून बाहेर काढलं. हे वाचून मी माझी यादी परत तपासली, तर त्यात लेकीची मेडल्स, माझं प्रमोशनचं पत्र, नवऱ्याने घेतलेल्या पहिल्या गाडीची कागदपत्रं असलं सगळं भरलेलं. म्हणजे आमचाही लिहून काढलेला इतिहासच की. आजीच्या वहीत असलं काही नव्हतं म्हणून तर ती मला इतकी जवळची वाटली. मी ती यादी फाडली.

उलट १९३८ साली न्यूयॉर्कच्या जत्रेसाठी, म्हणजे १९३९ च्या वर्ल्ड्स फेअरसाठी जी कॅप्सूल पुरली, पाच हजार वर्षांनी, ६९३९ साली उघडायची, तिच्यात आइन्स्टाईनचं पत्र आहे आणि त्याच्याच जोडीला मिकी माऊसचा कप, बायकांची टोपी, धान्याचं बी असलंही आहे. टाइम कॅप्सूल हा शब्द खरा रुळला तो याच कॅप्सूलमुळे. मला तो मिकी माऊसचा कप फार आवडला. कुणाच्या तरी हातातला रोजचा कप.

तर मग मी काय काय घेतलं ते सांगते, आणि काय सोडलं तेही.

पहिली आजीची वही. खरी वही, झेरॉक्स नाही. झेरॉक्स माझ्याजवळ राहील. नवरा म्हणाला, अगं उलटं कर, खरी वही तू ठेव. पण खरी वही वापरात राहिली की माझ्या हाताने फाटणार हे मला माहितेय. त्या वहीसोबत मी चार पानं लिहिली, आजी कोण, कुठल्या खिळ्याला वही असायची, दूधवाला कुठल्या वेळी यायचा, आणि १४ तारखेचे पाहुणे कोण ते आम्हाला माहीत नाही हेसुद्धा. प्रत्येक वस्तूबरोबर चिठ्ठी हा नियमच केला मी. कारण आजीच्या ट्रंकेत एक पितळी किल्ली सापडली होती, मोठी, सुंदर, आणि ती कुठल्या कुलपाची हे घरात एकालाही सांगता येईना. अशी मुकी वस्तू लेकीच्या हातात द्यायची नाही.

मग फोटो. हजारो फोटो फोनमध्ये पडलेत, त्यातले चोवीस निवडायला तीन रविवार गेले. सणाचे कपडे घातलेले बहुतेक काढून टाकले. ठेवला तो आमच्या ओट्याचा फोटो, कुकर, न घासलेली भांडी, खिडकीत वाळत टाकलेलं फडकं. सोसायटीच्या गेटचा. चपलांच्या स्टँडचा. वीस वर्षांनी तिला हेच बघायचं असेल असं मला वाटतं, कारण मला स्वतःला आजीच्या स्वयंपाकघराचा एक फोटो हवाय आणि तो कुणी कधी काढलाच नाही. हल्लीच्या फोटो पेपरच्या मागे पेन्सिल नीट उमटत नाही, गुळगुळीत असतो तो, म्हणून प्रत्येक फोटो कागदाच्या वेगळ्या पाकिटात घातला आणि पाकिटावर आधीच पेन्सिलीने नावं, जागा, वर्ष लिहिलं. प्लास्टिकचे कव्हर अजिबात नाही, अल्बमांनी शिकवलं ते पुरे झालं.

पेन ड्राइव्ह ठेवायचा का यावर घरात बरीच चर्चा झाली. नवरा कॉम्प्युटरवाला आहे, त्यानेच सांगितलं की पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं न लावता पडून राहिला तर त्यातला डेटा जाऊ शकतो, आणि राहिला तरी २०४५ ला तो खुपसायचा कुठे? आमच्या लग्नाची सीडी आहे घरात, ती घालायला आता एकाही लॅपटॉपला जागा नाही. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या पाठवल्या, त्यात आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, तर त्या लोकांनी तबकडीसोबत वाजवायची सुईसुद्धा पाठवली आणि ती कशी वापरायची हे वर चित्रांनी कोरून दिलं. एवढी काळजी घेतली होती. मला तशी सुई देता येत नाही, म्हणून आवाज डब्यात नाही. ही एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. आईच्या आणि लेकीच्या गप्पांचं रेकॉर्डिंग केलंय, ते दरवर्षी नव्या जागी कॉपी करत राहायचं असं ठरवलंय आणि डब्यात फक्त त्या गप्पा शब्दशः लिहून ठेवल्यात, मधल्या "हां हां" सकट.

किराणाचं बिल ठेवायचं होतं. पण दुकानातल्या मशीनचे ते गुळगुळीत कागद थर्मल असतात, शाई नसतेच त्यात, उष्णतेने अक्षरं उमटतात आणि काही वर्षांत उडून जातात. माझ्या पर्समधलं दोन वर्षांपूर्वीचं बिल बघितलं तर कोरं झालेलं. मग एक महिन्याचं पूर्ण सामान मी हाताने उतरवून काढलं, भावासकट, खाली कोपऱ्यावरच्या गाडीवरचा वडापाव २० रुपये हेही लिहिलं. नोटा ठेवल्या नाहीत. आजीने साड्यांच्या घडीत ठेवलेल्या हजाराच्या दोन नोटा २०१६ च्या नोटाबंदीनंतर दोन वर्षांनी सापडल्या होत्या, ते आठवलं की अजून वाईट वाटतं, तिने कुणासाठी साठवले होते कोण जाणे. एक दहाचं नाणं टाकलं, बास.

बाबांना वालाचं बी ठेवायचं होतं. आमच्याकडचे कडवे वाल, राखेत घोळवून ते दरवर्षी ठेवतात. पण वीस वर्षं बंद डब्यात ते उगवायचे नाहीत, आणि किडा लागला तर सगळे कागद खाऊन टाकेल. बाबा जरा नाराज झाले, मग म्हणाले, बरं, मी तिला पेरायलाच शिकवतो. येत्या मे महिन्यात ती कोकणात जाईल तेव्हा बघू.

लेकीची उंची मी आकड्यात नाही ठेवली, लाल दोरा घेतला, तिला भिंतीला उभं केलं आणि टाचेपासून डोक्यापर्यंत मापून कापला. तो गुंडाळून पाकिटात घातला. २०४५ मध्ये तिने तो दोरा उलगडून स्वतःच्या अंगाला लावून बघावा. तिने स्वतः काय निवडलं, तर तिच्या खोट्या हॉटेलचं मेन्यूकार्ड: पाणीपुरी ५ रुपये, डोसा १०० रुपये, आईस्क्रीम फुकट, आजीला सगळं फुकट. सगळं पेन्सिलीने, कारण तिसरीत अजून पेन्सिलच चालते.

माझं पत्र तीनदा लिहिलं. पहिल्यात नुसते उपदेश झाले, दुसरं वाचताना मलाच रडू आलं म्हणून बाजूला ठेवलं. तिसऱ्यात मी फक्त एक मंगळवार लिहिला, पहाटे पाणी येतं तेव्हापासून रात्री गेटचं कुलूप लागेपर्यंत. कोण काय बोललं, भाजी कुठली होती, लेक शाळेच्या डब्यातलं काय परत घेऊन आली. तेच ठेवलं.

डबा स्टीलचा घेतला, झाकण घट्ट बसणारा. रबरबँड, सेलोटेप, स्टेपलरच्या पिना काहीच आत नाही, रबर चिकट होतं, पिना गंजतात आणि टेप पिवळी पडून कागदाला डाग देते. डांबरगोळ्याही नाहीत. जुने लोक पोथ्या सुती बासनात बांधून वेखंड ठेवायचे तसं मी धुवून कडक वाळवलेल्या जुन्या पंच्यात सगळं बांधलं, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आणि भरायचा दिवस दिवाळीनंतरचा, कोरडी हवा पडल्यावरचा. पावसाळ्यात भरला असता तर दमट हवाच आत कोंडली असती.

डब्यावर नाव घालून घ्यायला भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार काका म्हणाले, "ताई, कोणाच्या लग्नाचं आहे? कोणाकडून घालू?" मी कागद पुढे केला, त्यावर लेकीचं नाव आणि खाली "उघडणे दिवाळी २०४५". त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, मग काही न विचारता मशीन सुरू केलं. ती सुई स्टीलवर टिकटिक करत बारीक ठिपके मारत जाते आणि ठिपक्यांची अक्षरं होतात. पुरातून आईचे डबे निघाले तेव्हा आजीचं नाव त्यांच्यावर स्पष्ट होतं, ठिपक्यांमध्ये गाळ बसल्यामुळे उलट जास्तच उठून दिसत होतं. शेवटी काकांनी खडू चोळून मला नाव दाखवलं आणि पैसे घेताना म्हणाले, "२०४५ ला मी नसेन, पण अक्षर जाणार नाही."

डबा कुठे आहे ते तीन जणांना माहीत आहे, शिवाय एक चिठ्ठी देव्हाऱ्याच्या खणात तळाला चिकटवली आहे. घर बदललं तरी देव्हारा बरोबर येतो.

एकच गोष्ट राहिली. आईची थालीपिठाची भाजणी मला लिहून ठेवायची होती. तांदूळ किती, बाजरी किती, हरभरा डाळ किती, धने किती, सगळं ती वाटीत सांगते, आणि वाटी म्हणजे तिची ती एकच कडेला चेपलेली पितळी वाटी, पुरातूनही वाचलेली. ती वाटी डब्यात ठेवूया म्हटलं तर आई म्हणाली, "अगं, मग मी मोजू कशाने?" मग मी त्या वाटीत पाणी भरून मेजरिंग कपात ओतलं, १६० मिली भरलं. कागदावर वाटी पालथी ठेवून पेन्सिलीने गोल काढला, जिथे ती चेपलीय तिथे गोल आत गेलाय. त्याखाली भाजणीचं माप लिहिलं आणि शेवटी ही ओळ: वाटी डब्यात नाही. चिपळूणला आजीच्या ओट्यावर, तांदळाच्या डब्यात असेल, तिथे बघ.