एम ७४ अखेर दिसली! फाल्गुन अमावास्येची मॅरेथॉन, माणमधून

मंडळी, मीन राशीतली ती फिकट दीर्घिका, एम ७४, दिसली. १८ मार्च २०२६ च्या संध्याकाळी, माण तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या खळ्यावरून, आपल्या त्याच सहा इंची एफ/८ डॉबमधून, म्हणजे हाताने फिरवायच्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीतून. मॅरेथॉन म्हणजे फ्रेंच खगोलज्ञ मेसिएच्या यादीतले ११० गुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका एकाच रात्रीत बघणं; आमचा रात्रभराचा आकडा १०८ वर थांबला. एम ११० आणि एम ३० राहिल्या, त्यांचंही सांगते. पण आधी ७४, कारण गेल्या दोन मॅरेथॉन तिनेच अडवून धरल्या होत्या आणि तिच्यापायी मी तुम्हा सगळ्यांचं डोकं खाल्लं आहे.

जागेचं त्रांगडं तुम्हाला ठाऊक आहेच. मार्चमध्ये ७४ असते पश्चिमेला, संधिप्रकाशात, बुडायच्या बेतात. पुण्याच्या पूर्वेला कुठेही गेलं की पश्चिमेला खुद्द पुणं पेटलेलं. २०२४ ला सासवडच्या पुढे गेलो होतो. १० मार्चची अमावास्या होती, म्हणजे ७४ साठी चांगली लवकरची, पण शहराच्या उजेडात मीन राशीचा एक तारा धड दिसला नाही. मग गेल्या वर्षी उलट दिशेला, वेल्ह्याजवळ. तिथे अंधार सुरेख, पण पश्चिमेला डोंगर, आणि डोंगराच्या वर राब भाजणीचा, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजण्याचा, धूर. भातवाल्या पट्ट्यात हे दिवसच राब भाजायचे, त्यात कुठे ना कुठे वणवा लागलेला असतोच. क्षितिजापासून बरंच वरपर्यंत सगळं तपकिरी. शिवाय त्या वर्षी अमावास्या २९ मार्चला, म्हणजे सूर्य आणखी पुढे सरकलेला. तिथून ती दिसणं शक्यच नव्हतं, हे आता गणित मांडल्यावर लक्षात येतं.

माण सुचवलं आईने. तिचं माहेर दहिवडीच्या अलीकडे. कोरडा मुलूख, भात नाही म्हणून राब नाही, ज्वारीची काढणी उरकलेली. नकाशा काढून बसले तर दिशाही जुळल्या. सातारा शहर जवळजवळ सरळ पश्चिमेला आणि बरंच लांब, पुणं वायव्येला त्याहून लांब, आणि ७४ बुडते ती बरोबर या दोन उजेडांच्या मधल्या काळ्या फटीत. हे बघितल्यावर मी त्या रात्री आनंदाने झोपलेच नाही.

सुट्टीचं सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण मार्चअखेरच्या कामात अडकलेले असतात. मी हिशेबाच्या कामात आहे, मार्चमध्ये रजा हा शब्दही कोणी काढत नाही. पण फाल्गुन अमावास्येच्या पाठोपाठ पाडवा येतो, आणि पाडव्याची सुट्टी कोणी काढून घेऊ शकत नाही! बुधवारची अर्धी रजा मी आधीच्या रविवारी बसून कमावली. दुपारी गाडीत मागच्या सीटवर दुर्बिणीची ट्यूब आडवी, तिच्याशेजारी अंग चोरून आई आणि सायली, पुढे बाबा आणि मी. ओंकार मोटरसायकलवर, पाठीला द्विनेत्री. जेजुरी, लोणंद, फलटण. फलटणच्या पुढे ऊन उतरायला लागलं तेव्हा रस्त्याकडेच्या कडुनिंबांना कोवळी तांबूस पालवी होती आणि ओंकारने दर पाच मैलांवर थांबून आकाश किती निळं आहे याचे फोटो काढले. बाबा चिडले नाहीत, हे विशेष.

खळ्याच्या कडेला रस्त्याचा एलईडी दिवा आहे. मामाने ट्रॅक्टरची ट्रॉली मधे उभी केली, तिच्या दांड्यांवर ताडपत्री ताणली आणि आम्हाला चक्क काळी भिंत मिळाली. ज्यांना शेतावरून निरीक्षण करायचं आहे त्यांनी कुठल्याही आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) आधी एक मोठी ताडपत्री घ्यावी, असं माझं ठाम मत झालंय.

आता मुद्द्याचं. ७४ ची खरी अडचण फक्त क्षितिज नव्हती. तिची पृष्ठतेजस्विता इतकी कमी, म्हणजे उजेड इतका पसरलेला, की काळ्या आकाशातसुद्धा ती पटकन नजरेत भरत नाही. आणि मॅरेथॉनमध्ये तिच्या वाट्याला काळं आकाश येतच नाही. हॉपिंग करायला, म्हणजे ताऱ्यावरून ताऱ्यावर जात शोधायला, फाइंडरमध्ये (ट्यूबवरच्या छोट्या दुर्बिणीत) आजूबाजूचे मंद तारे दिसावे लागतात, ते संधिप्रकाशात दिसत नाहीत. तारे दिसायला लागेपर्यंत ती धुरकट पट्ट्यात उतरलेली असते. त्या दोन्हींच्या मधली जी दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यात आपण ट्यूब हलवत बसतो, आणि प्रत्येक हलवण्यागणिक आपण कुठे आहोत तेच हरवतं.

उपाय सुचला ऑफिसात, एका लांबलचक तक्त्यात दोन रकान्यांची वजाबाकी करताना. ईटा पिशियम, मीनेतला साडेतीन प्रतीच्या (तेजस्वितेच्या) आसपासचा तारा, ७४ च्या जवळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मी दोघांचे सहनिर्देशक शेजारी लिहिले, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश: विषुवांश आणि क्रांती. ईटाचा विषुवांश १ तास ३१.५ मिनिटं, ७४ चा १ तास ३६.७. क्रांती जवळजवळ सारखी, ७४ फक्त २६ कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला) उत्तरेला. म्हणजे ईटा जिथे आहे तिथेच, किंचित उत्तरेला, पाच मिनिटं आणि थोड्या सेकंदांनी ७४ येणार! आपल्या डॉबला मोटर नाही, हाच इथे फायदा. ईटावर ट्यूब लावायची आणि हात काढून घ्यायचा. बाकीचं काम पृथ्वी करते.

पद्धत नीट लिहिते, म्हणजे कोणाला करून बघायची असेल तर सोपं जाईल. २५ मिमीचा साधा प्लॉसल आयपीस, ४८ पट, दृश्यक्षेत्र साधारण एक अंश. ईटा मध्यभागी आणा. मग ट्यूबचं तोंड ध्रुवाच्या दिशेने अगदी हलकं ढकला, तारा दृश्यक्षेत्राच्या कडेजवळ, पण आत राहील इतकंच. आपल्यासारख्या न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं असतं, म्हणून कोणती कड उत्तरेची यावर वाद घालू नका. ट्यूब ध्रुवाकडे ढकलताना ज्या बाजूने नवे तारे आत येतात ती उत्तर, आणि हात सोडल्यावर तारा ज्या बाजूने बाहेर पडतो ती पश्चिम. घड्याळ सुरू करा. तारा मिनिट-दोन मिनिटांत निघून जातो. त्यानंतर काही नाही, नुसतं करडं आकाश. इथे हात शिवशिवतात. ट्यूबला शिवायचं नाही.

सूर्य मावळला पावणेसातच्या आत. शुक्र खाली चमकत होता, त्यावरून पश्चिमेकडचं क्षितिज किती स्वच्छ आहे याचा अंदाज आला. साडेसातच्या सुमाराला ईटा फाइंडरमध्ये मिळाला. सायलीने घड्याळ धरलं, मी पाटावर बसले, कारण इतक्या खाली ट्यूब रोखली की आयपीस पार कमरेखाली येतो. डोक्यावरून आजीची काळी घोंगडी घेतली. आतून फक्त सायलीचा आवाज, ‘दोन झाली’, ‘तीन झाली’. चौथ्या मिनिटाला काही नाही. पाचव्याला काही नाही. मग मी नजर किंचित बाजूला नेली, ट्यूबला बोटाने हलकी टिचकी मारली आणि थरथरत्या आकाशात एक गोलसर फिकट डाग सरकताना दिसला, मध्यभागी सुईच्या टोकाएवढी उजळ जागा. टिचकी थांबली की गडप. पुन्हा मारली की हजर.

मन मानेना. म्हणून ओंकारला काही न सांगता बसवलं आणि विचारलं, काही दिसतंय का. त्याने कागदावर तीन मंद तारे आणि त्यांच्या शेजारी एक ठिपका काढला. जागा माझ्या चित्रातलीच. मग मी खळ्यावर अक्षरशः नाचले. आजी ओट्यावरून विचारत होती, ‘काय गं, काय सापडलं?’ तिला ट्यूबजवळ आणलं, तोवर ७४ पुढे निघून गेली होती. पण पहाटे आजीने मूळ नक्षत्राशेजारचा एम ७ नुसत्या डोळ्यांनी दाखवला, ‘हे बघ, विंचवाच्या नांगीपाशी धूर’ म्हणून, आणि मेसिएच्या पॅरिसमधून हा गुच्छ जेमतेम क्षितिजावर येतो हे मी तिला सांगितल्यावर तिला त्याची फार दया आली.

७४ ची किंमत मोजली ती ११० ने. देवयानीचा पसारा त्या वेळी वायव्येला उतरत होता. ओंकारने द्विनेत्रीत ३१ धरून ठेवली, ३२ डॉबमध्ये मिळाली, पण ११० पर्यंत पोचेतो ती शेजारच्या गावाच्या उजेडात विरली होती. मला वाईट वाटलं नाही. ११० मी एरवी डझनभर वेळा बघितली आहे.

मधली रात्र झपाट्याने सांगते, कारण ती छानच गेली. मृग, पुष्यातला मधमाश्यांचा गुच्छ, मग उत्तरा फाल्गुनी आणि कन्येच्या मधली दीर्घिकांची गर्दी. तिथे ८४ आणि ८६ वर उभं राहून एकेक पाऊल टाकत गेलो. छापील नकाशाच बरा, मोबाइलचं ॲप लाल केलं तरी डोळ्यांचा अंधार मोडतो. बॅटरीवर पतंगाचा लाल कागद दुहेरी लावला, तो तयार लाल टॉर्चपेक्षा सरस. नवा रेड-डॉट फाइंडर मात्र पैसे वाया. सगळ्यात कमी ठेवला तरी ठिपका इतका भगभगीत, की तिसऱ्या प्रतीचा तारा त्याखाली झाकतो. जुन्या ६x३० फाइंडरवर परत आले. आणि संगणकाने आपोआप वस्तू शोधून देणाऱ्या माउंटवर मॅरेथॉन करण्याला माझा विरोध कायम आहे. बाराच्या पुढे सायलीने एम १०४ स्वतः शोधली, पहिल्यांदाच, तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता. मामीने पिठलं-भाकरी आणि ठेचा खळ्यावरच आणून दिला. एम ५२ संध्याकाळी सुटला तरी घाबरू नका, आपल्या अक्षांशावर तो पहाटे ईशान्येला पुन्हा उगवतो. आम्ही तो तसाच घेतला.

आता ३०. मकरेतला हा गुच्छ पहाटे पाचच्या सुमाराला उगवतो आणि संधिप्रकाश लगेच मागे लागतो. पूर्व-आग्नेय मोकळी होती, सगळं जमून आलं होतं. पण ती पाडव्याची पहाट! अभ्यंगस्नानासाठी अख्ख्या वाडीत बंब पेटले, आणि वारा नसल्यामुळे तो धूर खळ्याच्या पलीकडे पांढऱ्या थरासारखा बसला. झीटा मकरी हा शेजारचा तारा दिसत होता, त्याच्याखाली काही नाही. मी हॉप करून करून थकले, आणि आकाश निळं झालं. मग आम्हीही आंघोळी केल्या, गुढी उभारली, कडुनिंब-गुळाची गोळी खाल्ली आणि दुपारपर्यंत ओळीने झोपलो.

मी लिहिणार होते की पुढच्या वर्षी ३० साठी वेगळी, वाडीपासून लांबची जागा शोधू. पण वरती ‘झीटा दिसत होता’ लिहिलं आणि पेन थांबलं. झीटाचा विषुवांश २१ तास २६.७ मिनिटं, ३० चा २१ तास ४०.४. झीटा पुढे, ३० मागे! म्हणजे तीच युक्ती इथेही चालते. पावणेचौदा मिनिटं थांबावं लागेल, आणि ३० ही ४६ कला दक्षिणेला, पण झीटाला दृश्यक्षेत्राच्या उत्तर कडेला ठेवलं तर ती मध्यापासून फक्त पंधराएक कला खाली जाते, आरामात आत. सव्वापाचला लावलं असतं तर साडेपाचच्या आत समोर आली असती.

पुढच्या वर्षी याची गरज जास्तच पडणार आहे. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला गेला, त्याच्या आदल्या अमावास्येला ७४ सूर्याजवळ असेल, काही उपयोग नाही. मॅरेथॉन करावी लागेल ८ मार्चच्या अमावास्येला, माघातली. तेव्हा संध्याकाळ सोपी, ७४ आणि ११० दोन्ही चांगल्या वर, पण ३० उगवेल तीच संधिप्रकाशात. बंब नसतील, एवढीच जमेची बाजू. त्यामुळे आधीचा बेत बदलला आहे. नवीन १२ मिमी आयपीससाठी साठवलेले पैसे त्यावर न घालता जास्त रुंद दृश्यक्षेत्राचा ३२ मिमी घेते, म्हणजे झीटा कडेला कोंबावा लागणार नाही.

१७ एप्रिलच्या अमावास्येला पहाटे मकर चांगली वर असेल. तेव्हा झीटा ते ३० हा सरकण्याचा वेळ आणि जागा उघड्या आकाशात मोजून घेणार आहे, २५ मिमी आणि ओंकारच्या मावसभावाकडून उसना मिळाला तर ३२ मिमी, दोन्हींवर. तुमच्यापैकी कोणाकडे मोटर नसलेला डॉब असेल तर त्याच पहाटे तुम्हीही मोजा. ट्यूब कोणत्या कडेला ठेवली आणि ३० किती मिनिटांनी, कुठून आत आली, एवढं लिहून पाठवा.