एर्कोलानोच्या किनाऱ्यावरचं सोनं

पाँपेईबद्दल एवढंच सांगते: रस्ते अप्रतिम, गर्दी असह्य. लिहायचंय ते एर्कोलानोबद्दल, म्हणजे इटलीत नेपल्सजवळच्या हर्क्युलेनियम या जुन्या रोमन शहराबद्दल. तिथे एका वाक्याने माझं डोकं फिरलं.

इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा समुद्रावाटे सुटू या आशेने माणसं किनाऱ्यावरच्या कमानींत दाटीवाटीने बसली होती. तिथे सुमारे 300 सांगाडे सापडले. आता त्या जागी प्रतिकृती आहेत. पाय हलत नव्हता माझा. तेवढ्यात गाईड म्हणाला, "बघा, जीव चालला तरी बायकांचा सोन्याचा मोह सुटला नाही!" गटात हशा पिकला.

मोह? 1982 मध्ये इथे सापडलेल्या एका स्त्रीच्या बोटांत अंगठ्या होत्या आणि कमरेजवळ नागमुखी कंकणं नि कानातली. घर सोडताना बाई आणखी काय उचलणार? शेत की छप्पर? आणि साप म्हणजे रोमन घराचा राखणदार. पाँपेईत देव्हाऱ्यांच्या भिंतींवर तो जागोजागी रंगवलेला दिसतो. मुलींच्या गळ्यात चंद्रकोर असायची, ती नजर लागू नये म्हणून. स्वतंत्र घरातल्या मुलग्यांच्या गळ्यात बुल्ला नावाचा ताईत असे, श्रीमंताघरी सोन्याचा. मुलगा वयात आला की तो काढून घरच्या देवांना वाहायचे. संकटात ही रक्षा अंगावर ठेवायची नाही, तर कधी?

याच सोन्यासाठी रोमच्या बायका रस्त्यावरही उतरल्या होत्या. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना, इ.स.पू. 215 मध्ये, कायदा झाला की बाईने अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगायचं नाही. युद्ध संपलं तरी कायदा तसाच. शेवटी इ.स.पू. 195 मध्ये बायकांनी फोरमकडे, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाकडे, जाणाऱ्या वाटा अडवल्या, येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांना गाठलं आणि कायदा रद्द करायला लावला. तो रद्द करायला कट्टर विरोध करणाऱ्या केटो या राजकारण्याचं भाषणही कामी आलं नाही. हे सगळं मी गाईडला ऐकवलं. तो "सी, सी" (हो, हो) म्हणत घड्याळ बघत राहिला.

किनाऱ्यावर सापडलेले दागिने तिथल्याच छोट्या संग्रहालयात मांडलेत. आमच्या गटाला त्यासाठी जेमतेम दहा मिनिटं दिली होती. मी सरळ गट सोडला आणि मनसोक्त पाहिलं. मग खचाखच भरलेल्या लोकलमधून नेपल्सपर्यंत उभ्याने आले. तुम्ही गेलात तर गटाबरोबर जाऊ नका.