आवाज आला की बटण दाबा

ताईत काढायला वडील तयारच नव्हते. मुलाच्या कंबरेला करगोट्यात ओवलेला तांब्याचा ताईत देवऋष्यानं बांधला होता. तो सुटला तर आवाज आणखी उसळतील, असं त्यांचं म्हणणं. टेक्निशियनही हटेना, आणि त्याचं बरोबरच होतं. एमआरआय यंत्राच्या ३ टेस्लाच्या, म्हणजे फार ताकदवान, चुंबकाजवळ अंगावर धातू चालत नाही. तांबं खेचलं जात नसलं तरी तापू शकतं, आणि आत लोखंडाचा तुकडा कोंबलेला असला तर बाहेरून कळणार कसं?

मी तेव्हा बंगळूरला मनोविकारशास्त्र शिकत होते. स्किझोफ्रेनिया या मनोविकारात जे आवाज ऐकू येतात त्यांवर विभागात संशोधन चालू होतं. हे कुटुंब निपाणीकडचं, मराठी बोलणारं, म्हणून त्यांना सगळं समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी पंधरा मिनिटं बोलले, उपयोग शून्य. शेवटी मुलाच्या आईनं ताईत सोडला, स्वतःच्या पदराच्या गाठीत बांधला आणि लेक बाहेर येईपर्यंत दाराशी बसते म्हणाली. वडील गप्प झाले.

मुलगा तेविशी-चोविशीचा, कॉलेज अर्धवट सुटलेलं. त्याला दोन माणसं ऐकू येत, त्यातला एक मामा. ‘बघ, उठला. आता पाणी पिणार. प्याला बघ.’ दिवसभर हेच. आवाज त्याच्याशी नाही, त्याच्याविषयी बोलत. औषधांनी धमक्या थांबल्या होत्या, झोप परतली होती, पण हे समालोचन काही थांबलं नव्हतं. मात्र ते मधेच थांबे, पुन्हा सुरू होई, आणि आमच्या तपासणीला असाच माणूस हवा होता.

फंक्शनल एमआरआयचं तत्त्व असं: मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे काही सेकंदांत ऑक्सिजनवालं रक्त जास्त धावतं, आणि ऑक्सिजन असलेल्या व नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात. मुलाला काम एवढंच होतं, आवाज सुरू झाला की बटण दाबून धरायचं, थांबला की सोडायचं. मग दाबलेल्या वेळेतला मेंदू आणि सोडलेल्या वेळेतला मेंदू यांची तुलना. अडचण यंत्राचीच. ते इतकं ठणठणतं की कानात बोळे घालूनही मेंदूचा ऐकण्याचा भाग सतत जागा राहतो. त्या गोंगाटात मामा बोलणारच नाही, अशी मला धास्ती होती.

काचेच्या अलीकडे आम्ही बसलो. बराच वेळ पडद्यावरची रेघ सपाट. मग ती एकदम वर गेली. त्यानं बटण दाबलं होतं. आतल्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आम्ही माइकवरून काही बोललो नव्हतो. रेघ वर राहिली, खाली आली, पुन्हा वर गेली. केसपेपरवर ‘आवाज ऐकू येतात’ असं मी कितीतरी रुग्णांबद्दल लिहिलं होतं. ते आवाज या क्षणी सुरू झाले, या क्षणी थांबले, असं डोळ्यांसमोर पाहणं अगदी निराळं होतं. माझे हात गार पडले होते.

बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणत होते?

“आडवा झालाय. मेला का काय बघ.”

वडिलांचा पहिला प्रश्न, “दिसला का वो मामा फोटोत?” मी सांगितलं की या मोजमापांचा हिशोब करायला वेळ लागतो, आणि एकट्याच्या चित्रावरून फारसं बोलता येत नाही, अनेकांची मिळून बघावी लागतात. मेंदूच्या रचनेचा साधा एमआरआयही केला होता, तो नॉर्मल आला.

“नॉर्मल? मग सोंगच म्हणायचं की.”

मुलानं मान खाली घातली. मला ते फार लागलं. एमआरआय नॉर्मल म्हणजे गाठ नाही, सूज नाही, जुना मार नाही, एवढंच. स्किझोफ्रेनियात मेंदूतल्या पोकळ्या सरासरीनं थोड्या मोठ्या असतात हे १९७६ पासून माहीत आहे, पण निरोगी माणसांतही तशा सापडतात, म्हणून फोटोवरून निदान होत नाही. ‘आजार फोटोत दाखवा’ म्हणत कर्ज काढून तपासण्या करणारी घरं मी पाहिली आहेत.

मग मी त्या तिघांना दोन जुने अभ्यास सांगितले. १९९३ साली लंडनमध्ये १२ रुग्णांना आवाज येत असताना आणि ओसरल्यावर तपासलं. आवाज येताना ब्रोकाच्या भागात, म्हणजे आपण बोलणं जुळवतो तिथे, रक्तप्रवाह वाढलेला होता. १९९९ साली जर्मनीत तीन रुग्णांनी याच्यासारखंच बटण दाबलं. त्यांच्या मेंदूतला, बाहेरचा ध्वनी जिथे पोचतो तो भाग त्या वेळी कामाला लागला होता. म्हणजे ऐकू येतं म्हणणाऱ्याच्या मेंदूत खरंच काहीतरी घडत असतं. स्वतःलाच गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही, कारण हात आपलाच आहे हे मेंदूला आधी कळलेलं असतं. मनातल्या बोलण्याचंही तसंच असावं. ‘हे माझंच’ ही आतली खबर पोचली नाही, तर स्वतःचा विचार परक्या आवाजात ऐकू येत असावा. आजच्या प्रमुख स्पष्टीकरणांपैकी हे एक आहे.

मुलानं वर बघितलं. “म्हंजे मामा मला नावं ठेवत न्हाई?”

नाही म्हटलं. मामाला यातलं काहीच ठाऊक नाही.

आई म्हणाली, मामा दर सणाला फोन करतो, हाच घेत नाही. दोन वर्षं आजोळी पाऊल टाकलेलं नाही.

नुसतं कळल्यानं आवाज थांबत नाहीत, हेही मी स्पष्ट सांगितलं. औषध चालूच राहणार होतं. शिवाय डोक्याला डाव्या बाजूला, कपाळावर आणि कानामागे, दोन ओले स्पंज लावून २ मिलिअँपिअरचा सौम्य वीजप्रवाह द्यायचा उपचार होता. काहींचे आवाज त्यानं कमी होतात, सगळ्यांचे नाही. त्यासाठी काही दिवस बंगळूरला राहावं लागणार होतं.

“ऊस जाऊ दे, मग येतो,” वडील म्हणाले.

“त्याच्या आधी,” मुलगा म्हणाला.